ब्रह्मावर्तचा वाडा : प्रस्तावना

बिठूरच्या घाटावर पहिल्यांदा गेलो तेव्हा एका नावाड्याला विचारले, पेशव्यांचा वाडा कुठे आहे? वल्हे हातातून न सोडता त्याने मानेनेच एक दिशा दाखवली. तिथे गेलो तर बाग होती. फुलझाडांचे वाफे, नानासाहेबांचा पुतळा, जुन्या विहिरीचा कठडा, विटांच्या भिंतीचे थोडेसे अवशेष. शाळेची मुले डबे उघडून बसली होती. बागेला नानारावांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण जोत्यावर चढावे, देवडीतून वाकून आत शिरावे, चौकात उभे राहून वर आभाळ बघावे, असे तिथे काहीही उरलेले नाही. हे पुस्तक त्या न उरलेल्या घराविषयी आहे.

मराठी माणसांच्या तोंडी या गावाचे नाव ब्रह्मावर्त. कानपूरच्या वर, वीस-बावीस किलोमीटरवर, गंगेच्या उजव्या तीरावरचा हा लहानसा कसबा. ब्रह्मदेवाने इथे यज्ञ केला अशी श्रद्धा आहे, आणि घाटाच्या पायऱ्यांत बसवलेल्या ब्रह्मखुंटीला लोक आजही हात लावून नमस्कार करतात. वाल्मीकींचा आश्रम इथलाच मानतात. सीता इथे राहिली, लव-कुश इथे वाढले, असे सांगतात. कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. तीर्थ जुने, पण वस्ती बेताची. अशा गावात १८१९च्या सुरुवातीला पुण्याहून निघालेला एक अख्खा दरबार येऊन उतरला आणि पुढे बत्तीस वर्षे तिथेच राहिला.

दुसरे बाजीराव ३ जून १८१८ रोजी असिरगडाच्या परिसरात सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. खडकीची लढाई हरून सात महिने उलटले होते. शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण लागले होते. माल्कमने सालिना आठ लाख रुपये तनखा कबूल केला, आणि रक्कम फार झाली म्हणून गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज त्याच्यावर नाराज झाला. बाजीरावांचे वय तेव्हा त्रेचाळीस. हा माणूस फार जगणार नाही असा कंपनीचा अंदाज होता. तो पार चुकला. बाजीराव २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगले आणि कंपनीला त्यांच्यापायी अडीच कोटींवर रुपये मोजावे लागले.

महत्त्वाची अट होती, दक्षिणेत परतायचे नाही. राहण्यासाठी त्यांना काशी हवी होती, पण एवढ्या मोठ्या तीर्थात, देशभरच्या यात्रेकरूंच्या नजरेसमोर पेशवा बसवणे कंपनीला नको होते. ब्रह्मावर्त हा मधला मार्ग निघाला. गंगा आहे, क्षेत्र आहे, गर्दी नाही, आणि कानपूरची छावणी हाकेच्या अंतरावर. लक्ष ठेवायला गावातच एक इंग्रज कमिशनर नेमला. आरंभीच्या काळात जॉन लो होता, अखेरच्या काळात जेम्स मॅन्सन. कोण आले, कोण गेले, श्रीमंतांचे कोणाशी बोलणे झाले, याचा अहवाल कलकत्त्याला जात राहिला. या घराची कुंडली मांडायची तर ती इथूनच मांडली पाहिजे. बांधणाऱ्याला परत जायचे होते आणि ज्यांनी बांधू दिले त्यांची इच्छा होती की त्याने इथेच संपावे.

या बाजीरावांना महाराष्ट्राने ‘पळपुटा’ हे एकच विशेषण दिले. त्यांच्या राज्यकारभाराचे समर्थन करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. वसईच्या तहावर सही त्यांचीच आहे. पण त्या एका विशेषणाने आपले मोठे नुकसान केले. पुणे सोडल्यावर त्यांचे काय झाले याकडे आपण पाठच फिरवली. ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’ लिहून या पेशव्याला माणूस म्हणून समोर आणले, तरी ब्रह्मावर्तातली बत्तीस वर्षे बहुतेक वाचकांच्या लेखी १८१८ आणि १८५७ यांच्या मधली कोरी पानेच राहिली. पुण्यात पेशवे म्हणून ते एकवीस वर्षे होते. म्हणजे या माणसाच्या आयुष्यातले सर्वांत दीर्घ बिऱ्हाड पुण्यात झालेच नाही, ते ब्रह्मावर्तात झाले.

या बिऱ्हाडाबरोबर हजारो माणसे आली. भिक्षुक, कारकून, शागीर्द, आचारी, वैद्य, गवई, पागेचे लोक, त्यांची बायकामुले. पुण्यात आता धनी नव्हता, आणि धनी जिथे तिथे पोट. येवल्याचे पांडुरंगराव टोपे आले, त्यांचा मुलगा पुढे तात्या टोपे म्हणून जगाला कळला. बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा काशीला राहत. त्यांच्या पश्चात मोरोपंत तांबे आपल्या लहान मुलीला घेऊन ब्रह्मावर्तास आले. तीच मनकर्णिका, झाशीची राणी लक्ष्मीबाई. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव नारायण भट सहकुटुंब आले आणि त्यांचा मुलगा धोंडोपंत याला बाजीरावांनी १८२७ साली दत्तक घेतले. ते नानासाहेब. सत्तावन्नातली तीन नावे एकाच वाड्याच्या आश्रयाला वाढली, याला मी योगायोग मानत नाही. गेलेल्या राज्याच्या गोष्टी ज्या घरात रोज निघत असतील, तिथली मुले त्या ऐकतच मोठी होणार.

आता घराकडे वळू.

देशावरचा वाडा हा सह्याद्रीने घडवलेला प्रकार आहे. खाली काळ्या पाषाणाचे जोते, त्यावर दगडी उथळे, उथळ्यांवर सागाचे खांब, खांबांच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंती मधे भरायच्या. भार वाहतो तो लाकडी सांगाडा. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घराचे माप खणांतच सांगायचे, पाच खणी सोपा, सात खणी दिवाणखाना. घर आत उघडते. रस्त्याला उंच भिंत, मोठा दरवाजा आणि त्यात माणसापुरती दिंडी. आत गेल्यावर चौक, चौकाभोवती सोपे, मागे माजघर, देवघर, मुदपाकखाना, कोठी. पुण्यातला विश्रामबागवाडा याच बाजीरावांनी १८०७च्या सुमारास पुरा केला. तीन चौकांचा तो वाडा, त्याचे सुरूदार खांब आणि रस्त्यावर आलेला कोरीव सज्जा आज पाहता येतात, म्हणून त्यांची आवड काय होती ते आपल्याला ठाऊक आहे. पुण्यात मिरवणारा, आरशा-झुंबरांचा शौक असलेला तो यजमान होता.

गंगेच्या काठी मात्र ना काळा पाषाण, ना साग. गाळाची जमीन. तिथले त्या काळचे बांधकाम लखौरी विटांचे. बोटभर जाडीची, तळहाताएवढी वीट, चुना आणि सुरखीत बसवलेली. लाकूड पाहिजे तर तराईतला साल. त्या मुलखात भिंत हीच भार घेते, म्हणून ती जाड असते आणि कमानींनी पेलते. देशावरचा सुतार तिथे गेला तर त्याचा निम्मा हुन्नर वाया जाई आणि गवंड्याला नव्याने शिकावे लागे. मराठी कुटुंबाची राहण्याची रीत तिकडच्या विटेत बसवायची, ही ब्रह्मावर्तातल्या बांधकामाची खरी गोष्ट आहे. वाल्मीकी आश्रमातली उंच दीपमाळ बाजीरावांच्या काळातली सांगतात. जेजुरीच्या पायऱ्यांवर वाढलेल्या डोळ्यांना ती लगेच ओळखू येते. आत जिना असलेला, बाहेर दिव्यांचे कोनाडे असलेला तो स्तंभ तिथल्या लोकांना अपूर्व वाटतो. आपल्याला तो घरचा वाटतो.

हाच मेळ पाहायचा तर आणखी एक जागा आहे. चित्रकूटजवळ कर्वी इथे अमृतरावांचे, म्हणजे रघुनाथरावांच्या दत्तक पुत्राचे, घराणे स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी बांधलेला गणेशबाग अजून उभा आहे. कोरीव कामाने भरलेले देऊळ, पाण्याचे कुंड, खाली मजल्यामजल्याने उतरत जाणारी बारव. उत्तरेत गेलेल्या पेशव्यांच्या घराण्याने कशा तोलामोलाचे बांधले याची कल्पना तिथे येते. महाराष्ट्रातून चित्रकूटला जाणारे यात्रेकरू रामघाट करून परततात; त्यांनी थोडी वाट वाकडी करावी.

ब्रह्मावर्तच्या वाड्याचे आतले वर्णन आपल्यापर्यंत येते ते मुख्यतः इंग्रजांकडून, आणि त्यांच्या नजरेचा रंग त्यात उतरला आहे. मोब्रे थॉमसन हा सत्तावन्नातल्या कानपूरच्या वेढ्यातून वाचलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांपैकी एक. त्याने १८५९ साली लिहिलेल्या पुस्तकात हा वाडा प्रशस्त होता, दिवाणखान्यांत प्रचंड आरसे आणि रंगीत काचेची भरगच्च झुंबरे होती, जमिनीवर हिंदुस्थानी मागांवरचे उत्तम गालिचे होते, असे सांगितले आहे. नानासाहेबांच्या जनावरखान्याचेही त्याला कौतुक होते. हत्ती, उंट, घोडे, शिकारी कुत्रे, ससाणे, पाखरे. ज्या माणसाच्या हाती आपले सोबती मेले असे त्याला वाटत होते, त्याच्या घराचे हे वर्णन आहे. तरी थोरवी नाकारावी असे त्याला वाटले नाही.

दुसरे वर्णन जॉन लँगचे. हा सिडनीत जन्मलेला वकील पुढे झाशीच्या राणीची बाजू मांडायला धावला होता. तो ब्रह्मावर्तास पाहुणा म्हणून राहिला. त्याला वीस फूट लांबीच्या टेबलावर जेवण वाढले, आणि ते टेबल एके काळी कुठल्याशा घोडदळ पलटणीच्या भोजनगृहात होते. टेबलावर उंची विलायती चादर, पण हात पुसायला शयनगृहातला टॉवेल. सूप आले ते गोडाच्या पदार्थासाठी केलेल्या भांड्यात, आणि ते वाढून घ्यायला तुटका चहाचा पेला. चमचा-काटा कलकत्त्याच्या बनावटीचा, चांदीचा. सुरी हाडाच्या मुठीची साधी. देशी राजांच्या घरी बैठकीच्या खोलीत कपड्यांचे कपाट आणि झोपायच्या खोलीत पियानो सापडतो, असेही तो मोठ्या मौजेने लिहितो.

लँगला हसू आले, आणि त्याच्या मागोमाग पुष्कळांनी हे वर्णन हसण्यासाठीच उद्धृत केले. मला त्यात दुसरेच दिसते. वाड्यातल्या खोलीला सामानावरून नाव पडत नाही. सकाळी बैठक घातली की सोपा ही कचेरी, दुपारी बैठक उचलून पाट मांडले की तीच पंगत, रात्री गाद्या पडल्या की तेच झोपायचे ठिकाण. सामान माणसांबरोबर फिरते, खोली रिकामी राहते. इंग्रजाच्या घरात टेबल जागचे हलत नाही, म्हणून त्याची खोली टेबलाची होते. हे दोन स्वभाव ब्रह्मावर्तच्या दिवाणखान्यात समोरासमोर आले. पलटणी बदलल्या, साहेब मायदेशी निघाले, की त्यांच्या सामानाचे लिलाव होत. त्यातले टेबल, पियानो, कपाट वाड्यात आले ते साहेबी पाहुण्यांच्या सोयीसाठी. वाड्यातली माणसे त्या टेबलावर जेवत नव्हतीच. तुटका पेला पाहुण्यापुढे आला याचे कारण यजमानाचे अज्ञान असेल. पण त्याच वेळी आत सोवळ्यातला स्वयंपाक, तांब्या-पितळेची लखलखीत भांडी आणि पाटांच्या रांगा असणार, आणि तिथे लँगला प्रवेश नव्हता. त्याने घराचा बाहेरचा अर्धा भागच पाहिला.

त्यानेच दिलेली आणखी एक हकीकत माझ्या मनातून जात नाही. नानासाहेबांकडे पंचवीस हजारांची उत्तम बग्गी आणि तिचे घोडे होते. कानपूरच्या एका साहेबाचे मूल आजारी पडले, हवापालटासाठी त्याला ब्रह्मावर्तास आणायचे ठरले, म्हणून त्यांनी ती बग्गी पाठवली. मूल वाटेतच दगावले. प्रेत वाहिलेली बग्गी पुन्हा वापरणे शक्य नव्हते. ती जाळून टाकली आणि ते घोडेही मारले. परक्याच्या आजारी मुलासाठी दार उघडणारे आणि विटाळाचा नियम पंचवीस हजारांसाठीही न मोडणारे असे ते घर होते. या घराविषयी कोणी एकच वाक्य ऐकवा म्हणाले, तर मी ही हकीकत सांगेन.

१८५१ साली बाजीराव वारले आणि घराचा आर्थिक कणा मोडला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तनखा बंद केला. आठ लाख व्यक्तीला होते, वारसाला नाहीत, असा त्याचा निवाडा. १८३२च्या कायद्याने ब्रह्मावर्तच्या जहागिरीला दिवाणी-फौजदारी अदालतींपासून मिळालेली सूट गेली. जहागीर तेवढी उरली. बाजीरावांची शिल्लक सुमारे अठ्ठावीस लाखांची, त्यात सोळा लाखांचे कंपनीचेच रोखे. पण शेकडो आश्रित कुटुंबे पोसायची तर ती किती दिवस पुरणार? नानासाहेबांनी १८५२च्या डिसेंबरात लंडनच्या संचालकांकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. मग त्यांचे वकील अजीमुल्ला खान लंडनला जाऊन आले, तेही रिकाम्या हाताने. इतके होऊनही कानपूरच्या साहेबांसाठी वाड्यातल्या मेजवान्या चालूच राहिल्या. या मेजवान्यांना इंग्रज लेखकांनी नंतर कपट म्हटले. वैभव आटले तरी पंगत आटू द्यायची नाही, ही त्या काळच्या कोणत्याही मराठी सरदाराची रीत होती हे त्यांना समजणे अवघड होते.

सत्तावन्नाचा इतिहास मी इथे सांगत नाही. तो या पुस्तकात त्याच्या जागी येईल, आणि तिथे काहीही झाकलेले नाही. कानपूरच्या सतीचौरा घाटावर शरण आलेले इंग्रज लोक २७ जूनला मारले गेले, आणि बीबीघरात १५ जुलैला जवळजवळ दोनशे स्त्रिया आणि मुले. हा रक्तपात कोणाच्या आज्ञेने झाला यावर वाद असू शकेल, त्याच्या क्रौर्यावर वाद नाही. १७ जुलैला इंग्रज सेनानी हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली. नानासाहेब कुटुंबासह रात्री नावेतून गंगापार झाले. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये ब्रह्मावर्तची हकीकत दिली आहे, ते पुस्तक १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापले, आणि सत्तावन्न मराठी डोळ्यांनी पाहायचे असेल तर त्याला पर्याय नाही.

१९ जुलैला इंग्रजांची तुकडी ब्रह्मावर्तास पोचली तेव्हा वाडा रिकामा होता. लढाई झाली नाही. तोफा, हत्ती, उंट काढून नेले, दारूखाना उडवला आणि वाड्याला आग लावली. ऑगस्टमध्ये गावात मोठी लढाई झाली. डिसेंबरात होप ग्रँटची फौज पुन्हा आली आणि उरलेसुरले पाडले. वाड्याबरोबर देवळेही सुरुंगाने उडवली. वाड्याच्या विहिरीत संपत्ती लपवली आहे अशी खबर लागल्यावर ती विहीर उपसायचे काम सुरू झाले. पाणी सारखे भरत होते, मोटा लावून रात्रंदिवस उपसा चालला, आणि तळातून सोन्यारुप्याची भांडी वर आली.

त्या विहिरीमुळे वाड्याची आठवणच बदलली. इंग्रजी पुस्तकांत ब्रह्मावर्त म्हणजे खजिना आणि कारस्थान. आपल्याकडे ब्रह्मावर्त म्हणजे हत्तीवर बसायचा हट्ट धरणारी छबिली मनकर्णिका आणि तलवारीचे हात शिकणारे नाना. दोन्हीकडे कथा आहेत. घर कुठेच नाही. चूल कोण पेटवत होते, श्रावणात किती पाने उठत होती, देशावरून आलेल्या बायका गंगेकाठच्या उन्हाळ्यात कोणत्या सोप्यात बसत होत्या, मुलींना सासरी पाठवताना किती शे कोसांचा प्रवास होता, हे विचारायला आपण गेलोच नाही. शनिवारवाडा १८२८ साली जळाला तरी त्याचे जोते, चौकांच्या खुणा आणि कारंजाचा हौद शाबूत राहिले, म्हणून आपण त्याची खोली न् खोली मनात उभी करू शकतो. ब्रह्मावर्तचा वाडा सूडापोटी पाडला गेला, आणि सूडाने पाडलेल्या घराचे जोतेही शिल्लक ठेवत नाहीत.

पुढच्या प्रकरणांत आधी गाव येते, मग माणसे, मग वाडा, मग आग. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. आगीपासून सुरुवात केली की घरात राहिलेली माणसे दिसेनाशी होतात.

वाचकांकडे एक मागणे आहे. ब्रह्मावर्ताहून परतलेली घराणी महाराष्ट्रात, ग्वाल्हेरला, इंदूरला, झाशीला, काशीला पांगली. आपल्या घरी त्या गावचा एखादा मोडी रुमाल, लग्नाची याद, कोठीचा हिशेब, सुतार-गवंड्यांच्या मजुरीचे कागद असतील, तर ते रद्दीत देऊ नका. मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत त्याची एक प्रत ठेवा. तलवारी आणि सनदा लोक जपून ठेवतात. मला चुन्याचा, विटांचा आणि लाकडाचा हिशेब हवा आहे.